काचेला पडदा, पडद्याला ट्यूबलाइट

ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटे चालतात, त्या गावात समोरून सगळी काच लावलेली कचेरी बांधायला छाती लागते. ती छाती पांढुर्ण्याला आली, सौंसरलाही आली. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि ज्याला त्याला आपली इमारत जिल्ह्याच्या तोलामोलाची हवीशी वाटू लागली. नेमकी कुणाची इमारत ते विचारू नका. समोर निळी काच, आत गारठा, मागे डिझेलचा जनरेटर, एवढ्या खुणा पुरेत. तुमच्या ओळखीत एक निघेलच.

काच एकवेळ पोटात घातली असती. पडदा नाही घालता येत.

काच कशाला? उजेड यावा म्हणून. उजेड आला. पण इमारतीचं तोंड रस्त्याकडे, रस्ता पश्चिमेला, म्हणून उजेडामागोमाग ऊनही आलं. ऊन आलं म्हणून पडदा आला. पडदा आला म्हणून अंधार झाला. अंधार झाला म्हणून, बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना, आत ट्यूबलाइट लागल्या. तिथल्या चपराशाने हा सगळा वास्तुविचार एका दमात सांगितला, "पडदा उघडला त ऊन येते भाऊ, लावला त अंधार येते. साहेब म्हणते, दोन्ही नको, लाईट लाव."

पडदाही साधासुधा नाही. त्यासाठी तीन कोटेशनं मागवली गेली. रंगावरून दोन खात्यांत पत्रव्यवहार झाला. शेवटी ठरला चॉकलेटी, कारण त्यावर मळ दिसत नाही. म्हणजे तो कधीच धुवायचा नाही हे खरेदीच्या वेळीच ठरलं होतं. धुवायला काढणार तरी कसा? काढला की काच उघडी पडते आणि काच उघडी पडली की काम बंद. त्यामुळे पडदा कायमचा. कायमचा म्हटल्यावर त्याच्यापुढची जागा मोकळी कशाला ठेवायची? तिथे लोखंडी कपाटं आली, कपाटांवर बस्ते आले, बस्त्यांवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. आता रस्त्यावरच्या माणसाला त्या निळ्या काचेतून पडद्याचं अस्तर दिसतं आणि जिथे पडदा फाटलाय तिथे कपाटांच्या पाठी दिसतात. कारभार पारदर्शक आहे म्हणायचा तो असा. नवीन बाबूला तर त्या भिंतीत काच आहे हेच ठाऊक नाही. परवा त्याने खिळा ठोकायला हातोडी मागितली.

बरं, एवढं करून ऊन थांबलं का? ते काच ओलांडून आत आलं, पडद्याला भेटलं, पडदा तापला, तापलेल्या पडद्याने खोली तापवली. काच उन्हाला आत घेते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. आमच्याकडे शेतकरी पॉलीहाऊसमध्ये हेच करून ढोबळी मिरची काढतो. इथे कारकून काढतात. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं लागतं, छज्ज्याने. पण छज्जा लावला की काच दिसत नाही.

मग एसी. 1 जानेवारी 2020 पासून तारांकन असलेला प्रत्येक नवा एसी चालू होताना 24 अंशांवर चालू झाला पाहिजे, असा नियम आहे. एसी बिचारा नियमाने 24 वर चालू होतो. साहेब अधिकाराने तो 18 वर नेतात आणि मेअखेरच्या नवतप्यात स्वेटर घालून बसतात. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते म्हणतात. हे सहा अंश खाली बसलेत. दीड टनाचा एसी जोर लावून चालला की तासाला दीडेक युनिट घेतो, आठ तासांत बारा. आपल्या देशात बहुतेक वीज अजून कोळशाची, म्हणून एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका एसीमागे दिवसाला आठ किलोच्या वर. इमारतीत वीस एसी धरा, दीडशे किलो सहज ओलांडले. शिवाय दर उन्हाळ्यात गॅस भरायला माणूस येतो. मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. तो वर गेला. जुन्या एसीतला आर-22 कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 1800 पट तापवतो, नव्यातला आर-32 पावणेसातशे पट.

नियम नाहीत असं नाही. इमारतींची ऊर्जासंहिता 2007 सालीच आली, 2017 मध्ये ती सुधारली. सरळ मार्गाने पाळायची तर भिंतीच्या 40 टक्क्यांहून जास्त काच नको, असं तिच्यात आहे. ती लागू होते 100 किलोवॅट जोडभारापासून. आपल्याकडच्या इमारती स्वभावाने नम्र, त्या शंभराच्या जरा अलीकडेच थांबतात. 14 डिसेंबरला मात्र ऊर्जा संवर्धन दिन न चुकता होतो. शाळेची पोरं बोलावतात, चित्रं काढून घेतात, 'बिजली बचाओ' लिहिलेला सूर्य त्याच चॉकलेटी पडद्याला टाचणीने लावतात आणि भर दुपारी ट्यूबलाइटच्या उजेडात खऱ्या सूर्याचे गुण गातात. त्या महिन्यात एसी बंदच असतो, तेव्हा बचतही भरघोस दिसते.

आता हसू आवरतं घेतो, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. याच मे महिन्यात आंबिया बहाराची संत्री झाडावर लिंबाएवढी असतात आणि पाण्यासाठी तोंड उघडून बसलेली असतात. पाणी चुकलं की फळगळ. शेतीच्या फिडरवर वीज येते पाळीने, आणि पाळी रात्रीची असेल तर संत्रावाला बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून, मोटार चालू करायला जातो. त्याला सांगतात, दिवसा लोड फार असतो. कसला लोड? दिवसा सूर्य झाकून ट्यूब लावण्याचा लोड! तिकडे सारणीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, आणि इथे त्या जाळातून माणसाला मे महिन्यात थंडी वाजवून स्वेटर चढवला जातो. फळ गळलं तर पंचनामा शेतकऱ्याने मागायचा. आणि विजेच्या उधळपट्टीचा पंचनामा? तो करायला जो येईल तोही आधी विचारेल, "एसी चालू आहे ना?"

याच भागात जुन्या कचेऱ्या होत्या. हातभर जाड भिंती, उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या. त्या बांधणाऱ्यांना कार्बन ठाऊक नव्हता, पश्चिम कुठे आहे तेवढं ठाऊक होतं.

आमची मागणी फार नाही. अहवाल नको, समिती नको. येत्या नवतप्यात एक दिवस, दुपारी दोन ते पाच, पडदा पूर्ण उघडा ठेवा, एसी 24 वर, आणि ज्याने या नकाशावर सही केली त्याची खुर्ची काचेला चिकटून मांडा. छज्ज्याचा प्रस्ताव साडेतीनच्या आत मंजूर झाला नाही, तर आम्ही हे सदर बंद करू.