उंदरांचं पर्यटन धोरण

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. लोकांनी फिरत्या घरांतून राज्य पाहावं, जिथे हॉटेलं नाहीत तिथेही सुखाने मुक्काम करता यावा, असा त्यामागचा हेतू. या धोरणाचा पुरेपूर फायदा घेतलेला एक लाभार्थी माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मुक्काम सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर. वजन पंधरा-वीस ग्रॅम, मिश्या लांब. अर्जासोबत त्याने आधार कार्डाची झेरॉक्स जोडलेली नाही.

गाडी आमची होती, एवढाच आमचा या योजनेशी संबंध.

आम्ही चौघे निवृत्त. एक बँकेतला, एक वीज मंडळातला, एक शाळामास्तर आणि पोस्टातला मी. म्हणजे हिशेब, वायरिंग, उपदेश आणि वाट पाहणं या चारही विषयांतला एकेक जाणकार आमच्यात आहे. धोरणाची बातमी वाचून आम्ही वर्गणी काढून सतरा सीटचा एक जुना टेम्पो घेतला. आतल्या सीटा काढून त्यात फोमच्या गाद्या, प्लायवूडची कपाटं, एक सिंक, दोन बर्नरची शेगडी आणि मास्तरांच्या पत्नीने शिवलेले पडदे बसवले. सोसायटीने गाडी आवारात ठेवायला ठाम नकार दिला, तेव्हा वीज मंडळातल्या आमच्या वायरमनच्या ओळखीने सूर्यमाळच्या एका दादांच्या घरालगतची पत्र्याची शेड भाड्याने मिळाली. कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत वर जायचं, गाडी शेडमध्ये लावायची, पाऊस संपला की आणायची. थंड हवेचं ठिकाण आहे, गाडीलाही बरं वाटेल, असं मास्तर म्हणाले होते.

आता उंदराच्या बाजूने विचार करा. जूनमध्ये त्या माळावर पाऊस उतरतो तो थेट दसऱ्याकडे तोंड करूनच. भातखाचरं भरतात, बांधातली बिळं बुडतात. कारवीच्या कुडाची घरं आधीच माणसं, कोंबड्या आणि शेळ्यांनी भरलेली. अशा वेळी उंचावर, कोरडं, गादीपडद्यांसह सजवलेलं आणि मालक शंभरेक किलोमीटरवर असलेलं घर समोर उभं राहिलं, तर तुम्ही काय कराल? घरउंदराच्या पिल्लाला करंगळीच्या टोकापेक्षा लहान भोक पुरतं. डोकं गेलं की बाकीचा देह विनातक्रार मागून येतो. आमच्या गाडीच्या तळाला सिंकच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तर असं ऐसपैस होतं की त्यातून सहकुटुंब, सामानासकट जाता आलं असतं. मादी साधारण वीस दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात. जूनमध्ये एक जोडपं राहायला गेलं, तर दिवाळीला तिथे संमेलन भरतं.

पहिल्या दिवाळीत हे संमेलन आम्हाला पाहायला मिळालं. वायरमनने चावी फिरवली, ब्लोअर सुरू केला, आणि डॅशबोर्डच्या जाळ्यांतून फोमचा पिवळा भुगा, भाताची तुसं आणि पडद्याचे धागे आमच्या चौघांच्या तोंडावर उडाले. ब्लोअरच्या पोटात घरटं होतं. मी ते हाताने बाहेर काढलं. वाटीएवढं, गोल, आणि कारागिरी अशी की टाकवेना. बाहेरून गवत, आतून गादीचा फोम, त्याच्या आत कापसाचं अस्तर, आणि मधोमध गाडीच्या विम्याच्या कागदाचे तांदळाएवढे तुकडे. एका तुकड्यावर ‘अटी व’ एवढं वाचता येत होतं. ‘शर्ती’ सापडल्या नाहीत. विम्याच्या एजंटला फोन केला तेव्हा त्याने सांगितलं की उंदराने कुरतडलेली वायर आमच्या पॉलिसीत बसत नाही. उंदीर आख्खी पॉलिसी घेऊन तिच्यावर बसला होता, ते मात्र चालतं.

वायर खायला चविष्ट लागते असं कुणी समजू नये. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांना सतत काहीतरी कुरतडून झीज द्यावीच लागते. प्लायवूड, रबर, वायर हे त्याला सारखंच. वायरमनला हे पटलं नाही. कपाटाला हात न लावता उंदराने नेमकं त्याच्या हातचं वायरिंग निवडलं, याला तो व्यक्तिगत अपमान मानतो.

मग उपाय सुरू झाले. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिथे गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर बऱ्याच जणांकडे असतं आणि हिवाळाभर ते बंद करून ठेवावं लागतं. त्यामुळे उंदीर हा तिकडे मोठ्या अभ्यासाचा विषय आहे. त्याने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. पुदिन्याचा अर्क, कपडे वाळवायच्या यंत्रात घालतात ते सुवासिक कागद, अंगाला लावायच्या साबणाच्या वड्या, डांबरगोळ्या. यादी वाचून मास्तर म्हणाले, "हे उंदीर घालवायचं आहे की त्याला आंघोळ घालून निजवायचं?" तरी आम्ही सगळं केलं. शिवाय आपल्याकडचा टॅक्सीवाल्यांचा उपाय म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या बांधल्या. पुढच्या खेपेला पुड्या रिकाम्या होत्या. हे काम उंदरांचं की दादांच्या गड्याचं, याचा तपास आम्ही केला नाही. डांबरगोळ्यांनी मात्र गुण दिला. त्या वासाने आम्ही चौघे गाडीत झोपू शकलो नाही. उंदीर झोपले.

बँकेतले, म्हणून आमचे खजिनदार, आवाजाचं यंत्र घेऊन आले. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून ते उंदरांना पळवतं म्हणे. मी वाचलं होतं की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना, पुरावा असल्याशिवाय असले दावे करू नका, अशी तंबी दिली होती. हे मी सांगितलं, पण पावती फाटली होती. एरवीही त्या यंत्राला वीज लागते, आणि पावसाळ्यातली सूर्यमाळची वीज हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. वायरमनने होंडा कंपनीची तिखट टेप शोधून काढली. वायरींना गुंडाळायच्या या टेपमध्ये मिरचीतलं तिखट घातलेलं असतं. सस्तन प्राण्यांची जीभ त्याने भाजते, पक्ष्यांना काहीच होत नाही. ही टेप काही मिळाली नाही, म्हणून त्याने लवंगी मिरचीचा ठेचा करून वायरींना चोपडला. उंदीर थोडे दिवस लांब राहिले. कोंबड्यांनी मात्र बॉनेटखाली बैठक मारली.

विषारी औषध नको, असं दादांनी आधीच बजावलं होतं. औषध खाल्लेला उंदीर मरतो तो पत्र्याच्या दोन थरांमध्ये, म्हणजे गाडी कापल्याशिवाय जिथे हात पोचत नाही तिथे. त्याला खाणारं घुबडही मरतं. मग आणला पिंजरा. आमिषाला भज्याचा तुकडा लावला, तर रिकामा. दादांच्या आईंनी चुलीत भाजलेली सुकट लावून दिली आणि रात्रीत एक सापडला.

सापडलेल्याचं करायचं काय? मारायला मास्तरांचं मन होईना. खोडाळ्याजवळ देवबांधला गणपतीचं देऊळ आहे. येता-जाता आम्ही तिथे हात जोडतो, तेव्हा तोंड कसं दाखवायचं, हा त्यांचा मुद्दा. शेवटी उंदराला तडीपार करायचं ठरलं. तडीपारी जिल्ह्यातून व्हावी लागते. मोखाडा तालुक्याला पलीकडे त्र्यंबक आणि इगतपुरी हे नाशिक जिल्ह्याचे तालुके लागून आहेत, तेव्हा अंमलबजावणी सोपी होती. खजिनदार मांडीवर पिंजरा घेऊन पुढे बसले, हद्द ओलांडल्यावर आम्ही उतरलो आणि मास्तरांनी दोन शब्द बोलून दार उघडलं. परतताना चहाला थांबलो तेव्हा मागच्या गादीतून दोन बाहेर आले. तडीपारीसाठी आम्ही तीच गाडी नेली होती. तडीपार झालेला एकटाच होता. उरलेलं कुटुंब त्र्यंबककडचा निसर्ग पाहून आमच्यासोबत स्वगृही परतलं.

इथे एक गंभीर सूचना देतो, कारण नंतर विसरेन. अशी गाडी उघडली की झाडू घेऊन सुटू नका. 1993 मध्ये अमेरिकेत उंदरांच्या वाळलेल्या लेंड्या-मुताच्या धुळीतून पसरणाऱ्या हंता विषाणूने माणसं दगावली होती. आपल्याकडे 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते आठवत असेलच. दारं उघडी टाका, तोंडाला फडकं बांधा, जंतुनाशकाचं पाणी शिंपडा आणि ओल्या फडक्याने पुसा. हातमोजे घाला. खजिनदार सिंकच्या आधी हात कपाळाला लावतात, तसं करू नका.

एका सप्टेंबरात गाडी बघायला गेलो तर ड्रायव्हरच्या सीटखाली धामण. हातभर नव्हे, चांगली पुरुषभर. आम्ही चौघे खळ्यात धावलो. दादा आले, वाकून पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ती पाव्हणी नाय, कामावर हाय."

उंदरांबद्दल या गावाला आम्ही आधीच विचारायला हवं होतं, हे तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. घर बंद करून महिनोन्‌महिने बाहेर राहण्याचा अनुभव आमच्यापेक्षा इथल्या माणसांना जास्त. भात, नागली, वरई घरात आली आणि दिवाळी सरली की मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरची तरणी माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर कामाला जातात, ती होळीला येतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि वर्षाचं धान्य. त्या धान्यावर उंदरांचा डोळा असतोच. आमची गादी गेली तर दुसरी आली. इथे कणगी गेली तर आषाढात चूल थंड.

म्हणून आजींना विचारलं. या दादांच्या आई. वयाने आमच्याच बरोबरीच्या असतील, पण दादांची पोरं आजी म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांनी आम्हाला घरात नेलं. कणगी बांबूची विणलेली, आतून-बाहेरून शेणाने लिंपलेली, दगडांवर अशी ठेवलेली की खालून मांजर आरपार जावं. "खाल्ला अंधार ठेवला का उंदीर लागला," त्या म्हणाल्या. बियाण्याची कणसं चुलीच्या वर, धुरात टांगलेली. भाकरी शिंक्यात. निरगुडीचा पाला धान्यात होता. तो उंदरासाठी का, असं मास्तरांनी वहीत लिहून घेत विचारलं. "तो किड्यासाठी. उंदराला पाल्यानं काय व्हतं?" बस, एवढंच त्यांचं शास्त्र. वास नाही, आवाज नाही, तिखट नाही. त्याला लागेल ते टांगायचं, झाकायचं आणि त्याला लपायला जागा ठेवायची नाही. मग आमच्या गाडीत येऊन, मान आत घालून, त्यांनी गाद्या, पडदे, कपाटं यांच्याकडे एकेक नजर टाकली आणि विचारलं, "ह्ये सगळं त्याच्यासाठीच केलंय का?"

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही आजींच्या हाताखाली काम केलं. गाद्या नायलॉनच्या दोरीने शेडच्या आढ्याला टांगल्या. पडदे उतरवले. सगळ्या कपाटांची दारं काढली, ड्रॉवर उपसले. शेडच्या कडेचं गवत कापलं. वायरमन गाडीखाली उताणा झोपला आणि आत टॉर्च लावून जिथे जिथे उजेड झिरपला त्या प्रत्येक भोकात त्याने तारेची घासणी ठासून वर लोखंडी जाळी आणि पत्र्याचं ठिगळ मारलं. फोम किंवा रबराची लिंपण उंदीर रात्रीत पोखरतो, तारेच्या घासणीत मात्र त्याचा दात अडकतो. भाच्याने मागाहून कळवलेली ही एकच गोष्ट सूर्यमाळलाही लागू पडली. बॉनेट उघडं ठेवलं, म्हणजे इंजिनाजवळ उजेड आणि वारा. बॅटरी काढून घरात ठेवली. टायर जरा उचलून गाडी ठोकळ्यांवर घेतली. खाली मांजर आरपार.

दिवाळीनंतर आम्ही चौघे कोल्हापूरच्या सफरीचं सगळं ठरवून वर गेलो. गाडीत एक लेंडी नाही, एक तूस नाही, एकही वायर तुटलेली नाही. तपासणीसाठी मागचं दार उघडलं तर आत गच्च पोती. नागली, वरई, उडीद, आणि तीन हात उंच भाताची कणगी. सिंकमध्ये बियाण्याची गाडगी मांडलेली.

"गाडीत उंदीर जात नाय आता," आजी समाधानाने म्हणाल्या. "घरातला सगळा दाणा हितंच हालवला."

दादा आणि त्यांची बायको चार दिवसांपूर्वीच भट्टीवर गेले होते. आजी घरी एकट्या, सोबत दोन नातवंडं. मी विचारलं, मग गाडी कधी रिकामी होईल? "पोरं होळीला येतील तवा खाली करतील. मला कुठं उचलवतंय?" आम्ही उचलतो म्हणालो, तर ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. जुनी जागा उंदरांनी पोखरली होती. गाडीतून बेघर झालेले सगळे तिथे गेले होते.

खजिनदारांनी घसा खाकरून, गाडी चार महिने वापरात राहणार तर काही भाड्याचं बघावं, असा विषय काढला. आजींना तो लगेच पटला. शेडचं पुढच्या चार महिन्यांचं भाडं द्यायचं राहिलंच आहे, पोरगा जाताना सांगून गेलाय, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. खजिनदारांनी पाकीट काढलं. मास्तर एसटीची वेळ विचारायला गेले.