दोन्ही एकच, दादा!

लोणी काळभोरच्या माणसाला डिवचायला फार कष्ट पडत नाहीत. 'म्हणजे नगर रोडवरचं ना?' एवढं विचारलं की पुरे. नगर रोडवरचं ते लोणी कंद, हे सोलापूर रोडवरचं. मधून मुळा-मुठा वाहते, तरी लोकांना कळत नाही म्हणजे काय! बारामती तालुक्यात लोणी भापकर, इंदापुरात लोणी देवकर, आणि साखर कारखान्याचं प्रवरेकाठचं लोणी तर जिल्ह्याबाहेर. २०२१ च्या मार्चमध्ये लोणी काळभोर आणि लोणी कंद ही दोन्ही पोलीस ठाणी ग्रामीणमधून काढून एकदमच पुणे शहर आयुक्तालयाला जोडली, तेव्हापासून तर घोळ सरकारमान्य झाला. लग्नाच्या पत्रिकेवर 'सोलापूर रोड' ही अक्षरं वधू-वरांच्या नावांइतकी ठळक छापावी लागतात.

भावकीचं तर विचारूच नका. गावात काळभोरांची घरं इतकी, की नुसतं आडनाव सांगून पोस्टमनही हलत नाही. वाडा कुठला, मळा कुठला, आजोबांचं नाव काय, इथपर्यंत जावं लागतं. कोण कुणाचा चुलत, कितव्या पिढीत चूल वेगळी झाली, बांध कुणी किती सरकवला, हे पारावर बसलेला कुणीही तलाठ्याच्या आधी सांगेल. जनावरांचंही तेच. शेजारच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था उभी केली, संकरित गाई घरोघरी आल्या. इथला शेतकरी पळत्या टेम्पोतल्या गाईकडे बघून सांगतो, ही जर्सी, ती होल्स्टीन, आणि कोपऱ्यातलीत थोडी गीर उतरलीय.

हाच माणूस पोराच्या हट्टापायी प्राण्यांच्या दुकानात जातो. पिंजऱ्यात दोन गुबगुबीत जीव बसलेले असतात.

'हे काय?'

'हॅमस्टर.'

'आणि ते पलीकडचं?'

'दोन्ही एकच, दादा. ते जरा मोठं निघतं.'

संपला सौदा! गाय घेताना दात बघणारा, कास चाचपणारा, दोन वेळचं दूध स्वतः काढून बघितल्याशिवाय खिशात हात न घालणारा बहाद्दर इथे फोन पुढे करून पैसे देऊन मोकळा होतो. पिंजरा, रंगीत नळ्या आणि पळायचं चाक वर फुकट मिळालं, याचाच आनंद.

आता 'जरा मोठं' म्हणजे किती, ते ऐका. सोनेरी हॅमस्टर पूर्ण वाढला तरी शंभर-दीडशे ग्रॅमचा. ते पलीकडचं म्हणजे गिनीपिग, तो आरामात किलोभर होतो. त्यात गिनीपिगचं पिल्लू जन्मतःच अंगभर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन येतं. एक-दोन दिवसांत पाला कुरतडायला लागतं. म्हणजे दिसायला हुबेहूब मोठा हॅमस्टर. घरी आल्यावर महिन्याभरात 'हॅमस्टर' नळीत अडकतो. दोन महिन्यांत चाकात मावत नाही. आजी म्हणते, 'बाळसं धरलंय गं.' शेजारच्या काकू म्हणतात, 'थायरॉइड बघून घ्या.' आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आमच्या हॅमस्टरचं वजन कमी करण्यासाठी उपाय सुचवा' असा संदेश पडतो. त्यावर मेथीच्या दाण्यांपासून प्राणायामापर्यंत सगळं येतं. 'तो हॅमस्टर नाही,' हे मात्र कुणी लिहीत नाही. चाकाचं म्हणाल तर गिनीपिगचा कणा त्यासाठी घडलेलाच नाही, पाठ दुखावते. शहाणे गिनीपिग चाकाच्या सावलीला बसतात आणि मालक म्हणतो, 'आळशी आहे, पळत नाही.'

खरा खेळ जोडीचा. जोडी लावून दिल्याशिवाय आपल्या जिवाला चैन पडत नाही, मग तो भाचा असो नाहीतर पिंजऱ्यातला प्राणी. 'एकटा जीव रमत नाही हो,' म्हणून हॅमस्टरला सोबत आणली जाते. सोनेरी हॅमस्टर हा जन्माचा एकलकोंडा. वयात आल्यावर दुसरा हॅमस्टर दिसला की त्याला भाऊबंदकीच आठवते. सकाळी एकाचा कान फाटलेला, कधी एक मेलेला. याउलट गिनीपिगला कळप लागतो. तो एकटा पडला की कोपरा धरून बसतो. स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानंच बंदी आहे. आपल्याकडे नेमका तोच एकटा विकला जातो, कारण 'मोठा आहे, एकच पुरे.' थोडक्यात, ज्याला संन्यास हवा त्याचं लग्न लागतं आणि ज्याला संसार हवा तो मठात.

झोपेचंही तसंच. हॅमस्टर निशाचर. लोणी स्टेशनजवळच्या वन बीएचकेत रात्री दोन वाजता चाकाची खर्रखर्र सुरू होते, तेव्हा बाहेर डेपोकडे निघालेल्या टँकरचा आवाजही त्यापुढे सुसह्य वाटतो. पोरं मात्र त्याला दुपारी, शाळेतून आल्या आल्या, खेळायला उठवतात. तो चावतो. मग 'चिडका निघाला.' भर झोपेत कुणी पोटात बोट घातलं तर आपण काय ओव्या म्हटल्या असत्या? गिनीपिग दिवसाही जागा असतो; फ्रिज उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की वीक-वीक करून घर डोक्यावर घेतो. त्याला वाटतं आपण जेवणाचं विचारतोय. घरच्यांना वाटतं त्याला आत्ता झोपायचंय, म्हणून पिंजऱ्यावर चादर पडते.

आणि खाणं. हॅमस्टरला दाणे लागतात; गालाच्या पिशव्या भरून तो कोपऱ्यात साठा करतो. गिनीपिगचं मुख्य अन्न वाळलेलं गवत, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजायला सतत चावणं लागतं. शिवाय त्याला माणसासारखंच क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना १९०७ साली स्कर्व्ही हा रोग गिनीपिगमध्येच घडवता आला, तो यामुळेच. हॅमस्टर समजून नुसते सूर्यफुलाचे दाणे घातले तर काही आठवड्यांत गिनीपिग लंगडतो, हिरड्या सुजतात. ज्याच्या रानात ढोबळी मिरची आणि परसात पेरू, त्याच्या घरातला प्राणी क जीवनसत्त्वाअभावी मरतो, हे फक्त आपणच करू जाणे. गवताचंही असंच. टिमोथी नावाचं परदेशी वाळलं गवत ऑनलाइन मागवायचं आणि गोठ्याशेजारी लसूणघास हिरवागार. तो घास रोज भरपूर घालणारा मात्र वेगळाच फसतो, कारण त्यात कॅल्शियम जास्त. प्रौढ गिनीपिगला त्यानं मूतखडा होऊ शकतो. पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. म्हशीला चालतं ते सगळ्यांना चालतं, हा आपला पशुवैद्यकशास्त्राचा पाया असल्यामुळे अडचण येते.

विद्वानांनीही या भावकीत हात पोळून घेतलेत, हे सांगितलं पाहिजे. १९९६ साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला, त्याचं म्हणणं: गिनीपिग हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातलाच नाही! पुढे जास्त तपास झाला आणि त्याला पुन्हा कुळात घेतलं, भावकीच्या बैठकीत घेतात तसंच. पण हॅमस्टर आणि गिनीपिग यांचं नातं फार लांबचं, हे कायम राहिलं. हॅमस्टर उंदराच्या बाजूचा. गिनीपिगच्या जवळचा कोण, तर आपल्या उसात रात्री शिरणारं साळिंदर. म्हणजे दुकानदारानं 'हे आणि साळिंदर एकच' म्हटलं असतं तरी ते जास्त शास्त्रीय ठरलं असतं.

माणसाच्या उपयोगी पडूनही दोघांच्या वाट्याला ओळख नाही. आज घरोघर पाळलेले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळेच एका बिळाचे वंशज. १९३० साली अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानं सीरियात अलेप्पोजवळ खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे. एवढी शुद्ध भावकी तर आपल्यातही नसेल. गिनीपिग दक्षिण अमेरिकेतला, हजारो वर्षं पाळीव, आणि तोही लाडासाठी नाही तर ताटासाठी. पेरू देशात अजून सणासुदीला तो भाजतात. हे कळल्यावर आमच्या एका पाहुण्यानं पिंजऱ्याकडे बघून 'तांबड्या रश्श्यात?' एवढंच विचारलं. घरातल्या बाईनं मात्र हॅमस्टरला थेऊरच्या चिंतामणीचं वाहन समजून चतुर्थीला मोदक ठेवला होता. दोघांचेही हेतू शुद्धच. करोनात प्रत्येक जण म्हणत होता, 'लशीसाठी आपल्याला गिनीपिग केलंय.' प्रत्यक्षात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी झाली ती याच सोनेरी, म्हणजे सीरियन हॅमस्टरवर आणि माकडांवर. बिचाऱ्या गिनीपिगचं नाव तिथेही फुकट गेलं, आणि हॅमस्टरचं श्रेय तर कुणाच्या गावीही नाही.

फरक कळण्याची अक्कल आपल्यात नाही, असं कोण म्हणेल? एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर आपण कोर्टात तीस वर्षं काढतो. दोन लिटर दूध कमी निघालं तर गाय परत पाठवतो. ज्यात दूध नाही, जमीन नाही आणि सातबाऱ्यावर नाव नाही, तिथेच आपल्याला एकाएकी सगळे जीव समान दिसायला लागतात. २०१८ पासून प्राणी विकणाऱ्या दुकानांना राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. दुकानदाराला एकदा ते प्रमाणपत्र दाखवायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. गाईच्या बाजारात एवढी चौकशी तुम्ही न सांगता केली असती.

घरात पिंजरा आधीच असेल तर आज संध्याकाळी एवढं करा. प्राणी उचलून मागून बघा. छोटीशी का होईना, शेपूट दिसली तर तो हॅमस्टर: त्याला एकटा ठेवा आणि दिवसा झोपू द्या. शेपूट दिसतच नसेल तर गिनीपिग: चाक काढून भंगारात द्या, रोज ढोबळी मिरचीचा तुकडा घाला, उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका आणि त्याला सोबत आणा. सोबत आणताना नर-मादी तपासून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. तो 'दोन्ही एकच' म्हणेल, आणि सव्वादोन महिन्यांनी तुमच्याकडे पाच असतील.