नानांचं चाक

आमच्या ऑफिसातल्या नानांना नवं काही खपत नाही, असा नव्याने लागलेल्या पोरांचा समज होतो. तो खरा नाही. ड्रॉइंग बोर्ड सगळ्यांत आधी सोडला तो नानांनीच. बाकीचे ड्राफ्ट्समन रॉटरिंगच्या तुंबलेल्या निबा पाण्यात भिजत घालून बसले होते, तेव्हा हे गृहस्थ आयटीआयचं सर्टिफिकेट गाठीशी असतानाही पदरचे पैसे मोडून संध्याकाळी कॅडच्या क्लासला जात होते. जुन्या दिवसांचं त्यांना कौतुक नाही. शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, खरवडताना ट्रेसिंगला भोक पडलं की अख्खी शीट परत काढायची. ‘त्या काळात मजा होती’ असं कोणी म्हणालं, की साइड मार्जिनमध्ये संडास बांधलेल्या मालकाकडे बघावं तसे नाना त्याच्याकडे बघतात.

२०२०च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. ॲन्सिलरी एफएसआय नावाचं नवंच प्रकरण उपटलं आणि भल्याभल्यांनी कपाळाला हात लावला. नानांनी पीडीएफचं प्रिंट काढलं, स्पायरल बायंडिंग करून घेतलं, आणि थोड्याच दिवसांत साहेब त्यांच्या टेबलापाशी येऊन विचारू लागले, “नाना, याला प्रीमियम किती बसेल हो?”

एवढं सगळं पचवलेला माणूस माउसच्या चाकावरून पेटला.

झालं असं, की आम्ही वापरतो त्या कॅडच्या सॉफ्टवेअरने शनिवारी रात्री स्वतःला अपडेट करून घेतलं. (कंपनीचं नाव मी घेत नाही. नाना घेतात, पण ते छापण्यासारखं नसतं.) सोमवारी सकाळी नानांनी देवाला करतात तसा मॉनिटरला नमस्कार केला, कोथरूडच्या बंगल्याची फाइल उघडली आणि जिना जवळून बघायला चाक पुढे ढकललं. जिना लांब गेला. नानांना वाटलं, कमी ढकललं. आणखी ढकललं. मग बंगला लांब गेला, प्लॉट लांब गेला, पुढचा नऊ मीटरचा रस्ता लांब गेला आणि काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका उरला. नानांनी चष्मा काढून पुसला.

“अगं, माझा बंगला कुठाय?” त्यांनी शेजारच्या ज्युनियर मुलीला विचारलं.

“तिथेच आहे नाना. चाक उलटं फिरवा.”

“चाक मी सुलटंच फिरवलंय.”

यातली गोम कॅडवर दिवस घालवणाऱ्यालाच कळेल. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. एल स्पेस, रेघ. ओ स्पेस, ऑफसेट. चाक दाबून धरलं की नकाशा सरकतो, दोनदा टकटक केलं की सगळा नकाशा पडद्यात मावतो. नाना यातलं काहीही आठवून करत नाहीत. कोणी नवशिक्याने एखाद्या कमांडचं अक्षर विचारलं, तर ते आधी डाव्या हाताची बोटं हवेत हलवतात, कोणतं बोट कुठे पडलं ते बघतात आणि मग उत्तर देतात. एफएसआयचे नियम नानांच्या डोक्यात असतात, म्हणून ते बदलले तर पुन्हा वाचता येतात. चाक बोटात असतं. बोटाला पीडीएफ कुठून वाचायला द्यायची?

बरं, अपडेट चाकावरच थांबला नव्हता. पूर्वी एका कोपऱ्यात क्लिक, समोरच्या कोपऱ्यात क्लिक, मध्ये चौकोन. डावीकडून उजवीकडे गेलात तर निळा, पूर्ण आत आलेलं तेवढंच धरणारा. उजवीकडून डावीकडे आलात तर हिरवा, नुसतं शिवलेलंही धरणारा. आता बटण दाबलेलं राहिलं तर चौकोनाऐवजी फास पडू लागला, हात जाईल तसा वेडावाकडा. नानांचं बटण सवयीने किंचित दाबलेलंच राहतं. ते टॉयलेटची खिडकी पुसायला गेले आणि खिडकीबरोबर कमोड, दार आणि शेजारच्या किचनचा अर्धा ओटा नाहीसा झाला. राइट क्लिक केलं की पूर्वी एंटर व्हायचं, तिथे आता भलीमोठी यादी उघडू लागली. “मी हो म्हणतोय, तर हा मेनूकार्ड काढतो!” नाना पूर्ण ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले.

उपाय होता आणि तो ज्युनियर मुलीने चहा यायच्या आत शोधला. ‘झूमव्हील’ असं टाइप करायचं, एकाचं शून्य करायचं, एंटर. चाक पूर्ववत. फासाला वेगळी सेटिंग, राइट क्लिकला वेगळी. तिने स्वतःचं केलं, इतर सगळ्यांचं केलं आणि नानांच्या टेबलाकडे वळली. नानांनी कीबोर्डवर पालथा हात ठेवला.

“चाक मी बदललं का? ज्याने बदललं तो परत करेल.”

जेवणाच्या सुट्टीत तिने त्यांच्या मशीनवर गुपचूप शून्य टाकलं. नाना डबा धुऊन आले, बसले, चाक एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं, आणि एका दमात झूमव्हील, स्पेस, एक, एंटर करून ते परत बिघडवलं. म्हणजे ते त्यांना सोमवारपासून ठाऊक होतं! मग दिवसभर ते तसंच, दात आवळून, उलटं काम करत बसले. या जातीच्या माणसाला गैरसोय चालते. गैरसोय करणाऱ्याला माफ करणं चालत नाही.

परिणाम साहेबांनी भोगला. बंगल्याचे मालक सपत्नीक आले होते, बाईंना देवघर बघायचं होतं, आणि फाइल उघडी होती ती नानांच्या मशीनवर. “हे बघा वहिनी, आता आपण आत जाऊ,” असं म्हणत साहेबांनी चाक ढकललं आणि त्या दाम्पत्याला देवघरातून थेट अंतराळात नेलं. बाई म्हणाल्या, “छोटं वाटतंय हो फार.” नाना मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी त्याआधी फक्त पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या दिवशी पाहिलं होतं.

मग नानांनी अभ्यास सुरू केला. २०११ साली ॲपलने आपल्या लायन नावाच्या आवृत्तीत स्क्रोलची दिशा उलटी केली आणि तिचं नाव ठेवलं ‘नॅचरल’, ही माहिती त्यांना कोणीतरी पुरवली. “म्हणजे तोवर जग काय अनैसर्गिक कृत्यं करत होतं?” हा प्रश्न ते कुरिअरवाल्यालाही विचारून बसले. फोनवर बोट पुढे नेलं की कागद पुढे सरकतो, तेच इथे आणलंय, असं मी समजावू गेलो. “फोनवर काच असते. इथे चाक आहे. आणि मला कागद सरकवायचा नाही, जवळ जायचंय.”

त्यांचा भाचा चाकणला गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करतो. त्याच्या सॉलिडवर्क्समध्ये मुळातच चाक पुढे ढकललं की वस्तू लहान होते, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटलं, नाना इथे निरुत्तर होतील. त्यांनी रविवारी भाच्याकडे जाऊन, त्याच्या खुर्चीत बसून प्रत्यक्ष करून पाहिलं आणि सोमवारी निकाल दिला. “ते नटबोल्टवाले. वस्तू हातात असते, ढकलली की लांब जाणारच. आम्ही घरं काढतो. आम्हाला आत शिरायचं असतं.” हसू आलं, पण खोडून काढायला जागा सापडेना. अजून सापडलेली नाही.

शेवटी नानांनी कंपनीला अर्ज केला. विषय : माउसच्या चाकाची दिशा पूर्ववत करण्याबाबत. संदर्भ : शनिवारी रात्री परस्पर केलेला बदल. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. सोबत नकाशाही जोडला होता. माउसचा प्लॅन, एलेव्हेशन, चाकातून घेतलेलं सेक्शन, स्केल दोनास एक, खाली उत्तर दिशेचा बाण. पालिकेच्या रंगांप्रमाणे प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या हॅचमध्ये. पिवळ्यात नवी दिशा होती. ज्युनियर मुलीने त्याचं इंग्रजी करून पाठवलं, नकाशासकट.

दोन मिनिटांत उत्तर आलं. आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, संबंधित टीमकडे पाठवलं आहे, हा आपला तिकीट नंबर. यंत्राने पाठवलेलं उत्तर होतं, नंतर काही येणार नव्हतं. हे नानांना कसं सांगावं याचा आम्ही विचार करत होतो, तोवर त्यांनी प्रिंट काढून, तारीख टाकून, फाइलला लावलंसुद्धा. मग खुर्ची वळवून खालच्या आवाजात ज्युनियरला म्हणाले, “आवक नंबर मिळालाय. आता फाइल कोणाच्या टेबलावर आहे तेवढं काढ.”