त्रिपुरीचे गेम मास्टर

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला, आणि तेव्हापासून खेळाडू डाव चालवणाऱ्या गेम मास्टरच्या नावाने बोटं मोडत आले आहेत. खेळाडू रात्र जागून पात्र घडवतो, समजा, शाकाहारी राक्षस, पूर्वाश्रमीचा तलाठी; आणि गेम मास्टर म्हणतो, ‘आमच्या जगात हे बसत नाही.’ यात अन्याय काही नाही, असं माझं मत आहे. जग त्याने उभं केलंय, फाटकही त्याचंच. खरा छळ निराळा: पात्र मंजूर करायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि मग त्याने तलवार कधी उपसायची ते आपण ठरवायचं. नकार परवडला, असला होकार नको.

या छळाचा सर्वांत भव्य प्रयोग गायगॅक्सच्या पस्तीस वर्षं आधी, जबलपूरजवळ तिलवारा घाटाच्या परिसरात झाला. मार्च १९३९, काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन. सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवून पुन्हा अध्यक्ष झालेले. पात्र रीतसर मंजूर. अधिवेशन बावन्नावं म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. खेळाडू मात्र तापाने फणफणलेला, म्हणून मिरवला त्यांचा फोटो, आणि भाषण वाचलं थोरले बंधू शरदबाबूंनी. त्यात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला: अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. खुर्ची तुमची, फासे त्यांचे!

कोणी म्हणेल, गांधीजी तर तिथे नव्हतेच, राजकोटला होते. हीच तर पंचाईत. हजर गेम मास्टरशी निदान भांडता येतं. पुढे बोसांनी नावं विचारली, तर गांधीजींनी ती लादायला नकार दिला: तुमची तुम्ही निवडा. हेतू उदार असेलही. पण ज्यांच्या इच्छेने चालायचं तेच इच्छा सांगेनात, तर खेळाडूने करावं काय?

दुसरा आक्षेप वजनदार आहे: जो तो आपल्या लहरीने खेळला तर डाव चालायचा कसा? हे बोसांनाही पटत असावं. जुलै १९३८मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान (हुद्दा तेव्हा असाच भारदस्त होता) डॉ. ना. भा. खरे यांनी आपल्या मनाने मंत्रिमंडळ बदललं, तेव्हा वर्ध्यात त्यांना अपात्र ठरवणाऱ्या कार्यकारिणीचे अध्यक्ष बोसच होते. तेव्हा शिस्त हवी, मान्य. पण ती आधी सांगावी. वल्लभभाई आणि सहकाऱ्यांनी मतदानापूर्वीच पत्रक काढून बोसांना माघार घ्यायला सांगितलं होतं. कडू असेल, पण तो फाटकावरचा सरळ नकार होता. पंतांचा ठराव आला तो मतं मोजून झाल्यावर.

२९ एप्रिलला कलकत्त्यात बोसांनी राजीनामा दिला, राजेंद्रप्रसाद खुर्चीवर बसले. ३ मे रोजी बोसांनी फॉरवर्ड ब्लॉक जाहीर केला. रुसलेला खेळाडू स्वतःचा डाव मांडायला एवढाच वेळ घेतो. तिथे गेम मास्टर कोण, हे अर्थातच मतदानाला टाकत नाहीत.