थेंबे थेंबे नाना

नाशिक जिल्ह्यात एमएच १५ पाटीची जुनी पिकअप कुठे उभी होती, हे ती निघून गेल्यावरही सांगता येतं. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीचं आवार असो, आडगाव नाका असो, नाहीतर पेठ रोडवरची चहाची टपरी. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध जिथे इंजिन येतं, तिथे जमिनीवर ताटलीएवढा काळा डाग पडलेला असतो. या डागाचे मालक म्हणजे नाना. नाना ही एक व्यक्ती नव्हे, ती जमात आहे. कुठे अण्णा म्हणतात, कुठे आप्पा, पण डाग सगळीकडे तोच. डॅशबोर्डवर सप्तशृंगीचा फोटो, मागच्या फळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’, सीटमागे चिंध्यांत गुंडाळलेला ऑइलचा डबा, तोही कायम अर्धा. इंजिनाच्या पोटाखालच्या चेंबरचं पॅकिंग गेलंय, हे गावाला माहीत आहे, मिस्त्रीला माहीत आहे आणि नानांनाही माहीत आहे. तरी ते बदलत का नाहीत, याला लोकांकडे दोन उत्तरं तयार असतात: नाना कंजूष आहेत, किंवा नानांना गाडीतलं कळत नाही. दोन्ही उत्तरांत नानांवर अन्याय आहे, आणि अन्याय करायचाच तर तो योग्य कारणासाठी करावा.

कळत नाही म्हणणाऱ्यांनी नानांना सकाळी सहाला बॉनेटपाशी बघावं. रात्रभर उभी गाडी, इंजिन थंड, म्हणजे ऑइल सगळं खाली उतरलेलं. नाना डिपस्टिक ओढतात, बनियनच्या फडक्याने पुसतात, परत घालतात, परत ओढतात आणि उजेडाकडे तिरकी धरून वरच्या-खालच्या दोन खुणांमध्ये ऑइलची ओळ कुठे आली ते असं बघतात, की डॉक्टरने थर्मामीटरही इतक्या गांभीर्याने बघू नये. मग चिमटीत एक थेंब घेऊन अंगठ्याने चोळतात, वास घेतात आणि सीटमागच्या डब्यातून अंदाजाने ओततात. तो अंदाज मापाच्या भांड्याला लाजवतो. अंगणात गाडी लावताना डाग पडू नये म्हणून बरोबर गळतीखाली द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा सरकवायचा, हेही त्यांनीच शोधलेलं. कारण एकदा काकूंच्या रांगोळीवर ऑइल पडलं, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा आला. बोलेरो कुटुंबातल्या बऱ्याच गाड्या सातपूरच्या कारखान्यात बनलेल्या, त्यांची इंजिनं इगतपुरीची. जिल्ह्यातल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी तिथे पाना फिरवून आलेला. एवढं ज्ञान नानांच्या अंगणात फुकट येऊन बसतं. अज्ञान हे कारण इथे टिकत नाही.

कंजूषपणाचं कारण तर साध्या गुणाकारात बाद होतं. ऑइलचे अंदाजे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मिनिटाला एक थेंब गळला, तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर, म्हणजे महिन्याला दोन लिटरच्या वर. वर्षाचं धरलं तर २६ लिटर. एवढ्यात पाच-सहा लिटरचं चेंबर चार वेळा भरून सांडेल. डिझेल इंजिनाचं बरं ऑइल लिटरला तीनशेच्या पुढेच. म्हणजे वर्षाला सात-आठ हजार रुपये नाना पुठ्ठ्यावर ओततात. पॅकिंग काही शे रुपयांत येतं, मजुरी धरूनही आकडा त्याच्या जवळ फिरकत नाही. जो माणूस काही शे रुपयांचं काम टाळून हजारो सांडतो, त्याला कंजूष म्हणणं म्हणजे खऱ्या कंजुषांचा अपमान आहे. शिवाय याच नानांनी गेल्या दिवाळीत तीन सुरांचा हॉर्न बसवला आणि कॅबिनमध्ये निळे दिवे लावले. पैसा असूनही गळू देणारे फक्त इथेच आहेत असंही नाही. जुनी लँडरोव्हर बाळगणारे इंग्रज साहेब ‘गळतंय म्हणजे आत ऑइल आहे’ हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या करत आले. १९६९ साली होंडाची सीबी ७५० आली आणि मोटरसायकल कोरडीही राहू शकते हे जगाला दिसलं, तरी ब्रिटिश मोटरसायकलींचे भक्त आपल्या डागांना चिकटून राहिले.

मग नाना वाचवतात काय? दिवस वाचवतात. त्यांचा हिशेब रुपयांत चालत नाही, तो गाडी किती दिवस उभी राहिली यात चालतो. गळती रोज थोडं थोडं घेते, पण गाडी थांबवत नाही. दुरुस्ती एकदाच घेते, पण गाडी थांबवते. आणि चेंबर पॅकिंग हे काम खरोखरच गाडी थांबवणारं आहे. गरम ऑइल काढायचं, गाडी घोड्यांवर घ्यायची, चेंबरभोवतीचे सगळे बोल्ट सोडायचे. काही गाड्यांत चेंबर क्रॉस मेंबरवर अडतं, मग माउंटिंग सैल करून इंजिन बोटभर उचलावं लागतं. जुनं कॉर्कचं पॅकिंग उष्णतेने कडक होऊन काठाला असं बसलेलं असतं की ते खरवडण्यातच दुपार होते. मग काठ नुसते डिझेलने पुसून चालत नाही, कारण डिझेल स्वतःच तेलकट. शेवटचा हात थिनरचा हवा. बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा वर उचललेला असतो, कारण मागच्या मिस्त्रीने ‘घट्ट म्हणजे चांगलं’ या श्रद्धेने पाना ओढलेला. तो लाकडाचा ठोकळा धरून सपाट करावा लागतो. नवं पॅकिंग, कोपऱ्यांत बेताचं सिलिकॉन, बोल्ट मधून कडेकडे, समोरासमोरचे, आणि तेही मनगटाच्या जोरावर. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात. खांदा लावायचं काम नाही. यानंतर सिलिकॉन वाळायला रात्र द्यायची. म्हणजे एक दिवस, एक रात्र, आणि नानांच्या भाषेत ‘दोन खेपा गेल्या’.

असा दिवस पंचांगात शोधायला गेलं की नानांचा खरा पराक्रम दिसतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं; तेव्हा गाडी उभी करणं हे पाप. मार्चपासून उन्हाळ कांदा निघतो, चाळीत भरायचा, मग लासलगावला न्यायचा. त्यातच लग्नसराई, आणि पिकअपमध्ये मांडवाचं सामान जातं, वरमाईही जाते. पावसाळा मध्यावर आला की टोमॅटो. उरला एकच दिवस: अमावस्या, कारण अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची इकडे जुनी रीत होती. पण अमावस्येला नाना गाडीला लिंबू-मिरची बांधतात. गाडी उघडत नाहीत. दुसऱ्या दिवशी उघडू म्हणावं तर तो शनिवार निघतो, आणि शनिवारी लोखंड आणायचं नसतं. पॅकिंग कॉर्कचं आहे, असं मिस्त्री म्हणाला तर नाना विचारतात, “आणि बोल्ट कशाचे?” इथे मिस्त्रीचं तर्कशास्त्र संपतं.

खरं तर मिस्त्रीही या कटात सामील आहे. “नाना, एक दिवस गाडी सोडा,” हे तो एकदाच म्हणतो. “मग माल काय डोक्यावर नेऊ?” असं उत्तर आलं की तो गाडीखाली सरपटत जातो, फडक्याने काठ पुसतो आणि ट्यूबमधलं सिलिकॉन बाहेरून बोटाने लिंपून देतो. काम अर्ध्या तासाचं, पैसे रोख, दोघंही खूश. तेलकट पत्र्यावर सिलिकॉन धरत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. चार दिवसांनी साल सुटते आणि थेंब नव्या जागेवरून पडू लागतो. एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण कधीतरी चेंबर उतरवलंच, आणि त्याच घाईत ट्यूब अर्धी पिळली, तर आत दाबला गेलेला जास्तीचा गोळा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. मग बेअरिंगांना ऑइल मिळत नाही, आणि पॅकिंगचं बिल इंजिनाच्या बिलात बदलतं. गळक्या चेंबरपेक्षा हा उपाय जास्त वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

नानांकडे आपल्या बाजूने तीन मुद्दे असतात आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला: ऑइल उडतं म्हणून खालचा पत्रा गंजत नाही. नाशिक काही मालवण नव्हे, इथे पत्र्याला समुद्राचं भय नाही; उलट तेलावर धूळ बसून असा लेप होतो की गळती वरच्या टॅपेट कव्हरची, मागच्या सीलची की चेंबरची, हेच दिसेनासं होतं. वर इंजिनाच्या माउंटिंगचं रबर तेलात भिजून फुगतं ते वेगळं. दुसरा मुद्दा जास्त चतुर आहे: रोज नवं ऑइल घालतोय, मग बदलायचं कशाला? पण जुन्यात नवं मिसळल्याने काजळी जात नाही आणि फिल्टर तर तोच राहतो. शिवाय एखाद्या सकाळी डिपस्टिक बघायची राहिली, पातळी खाली गेली आणि गाडी भरून कसाऱ्याचा चढ चढत आली, की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं, जाळी हवा ओढते आणि ऑइलचा लाल दिवा लागतो. तिसऱ्या मुद्द्यात मात्र दम आहे. नाना म्हणतात, खालून बंद केलं की वरून गळेल. जुन्या इंजिनात रिंगा झिजल्या असतील किंवा ब्रीदरची नळी तुंबली असेल, तर आतला दाब खरोखरच कुठून तरी वाट काढतो, आणि नवं पॅकिंगही पुन्हा ओलं होतं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करावं; ते नाचायला लागलं आणि फसफस धूर आला, तर आधी ब्रीदर बघावा, मग रिंगा. पण हा मुद्दा पॅकिंग न बदलण्याच्या बाजूने जातच नाही. तो एकाऐवजी दोन दिवस मागतो. नाना तो एवढ्या हिरिरीने का मांडतात, हे आता सांगायला नको.

कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्याची एका दिवसाची कमाई गेली तर तुम्ही भरून देणार का? प्रश्न रास्त आहे, आणि दिवस हेच नानांचं भांडवल हे मीही मान्य करतो. पण त्यांना दिवस काढता येत नाही, हे खरं नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं. त्या दिवशी हेच नाना सकाळीच वॉशिंगला नंबर लावतात, गाडी खालून माणसात आणतात, डबा-पुठ्ठा घरी ठेवतात आणि तपासणीच्या रांगेत शांतपणे दिवस घालवतात. इंजिन कोरडं, चेहरा त्याहून कोरडा. म्हणजे दिवस निघतो. तो मागणारा सरकारी असावा लागतो, एवढंच. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हाही झेंडूच्या माळेसाठी अर्धा दिवस मिळतो, चेंबरसाठी नाही.

म्हणून नानांच्या घरच्यांना एक विनंती. त्यांना वर्षाला वाया जाणाऱ्या लिटरांचा हिशेब सांगू नका. तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो. आषाढात, द्राक्षं संपलेली आणि टोमॅटो यायचे असताना, भाड्याची दुसरी पिकअप आधी ठरवून ठेवा, आणि सकाळी सातला गाडी मिस्त्रीकडे लावून किल्ली स्वतःकडे घ्या. मिस्त्रीला थिनर आणायला सांगा, सिलिकॉनची ट्यूब त्याच्या हातून काढून घ्या, आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. पॅकिंग मात्र शुक्रवारीच आणून ठेवा.