आधी फुगा दाबा

यवतमाळच्या माणसाला समुद्र पाहायचा तर आधी धामणगाव नाहीतर बडनेरा गाठावं लागतं आणि तिथून रात्रभर रेल्वे. तरी बोटीच्या इंजिनावर अधिकारवाणीने बोलणारी माणसं आमच्या जिल्ह्यात तालुक्यागणिक सापडतात. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि मधल्या पोटात बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस. उन्हाळ्यात ज्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, तिथंच जुलैत पाणी डोक्यावरून जातं. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा वायुदलाची हेलिकॉप्टरं मागवायची पाळी आली. तेव्हा कापसाच्या जिल्ह्यात बोट कशाला, असं कोणी विचारू नये.

मी ज्या कचेरीत आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल सांभाळलं तिचं नाव सांगत नाही; पेन्शन चालू आहे. तिथल्या गोदामात जुन्या मतपेट्यांच्या शेजारी एक रबरी बोट, लाइफ जॅकेटं, दोराची भेंडोळी आणि ‘ओबीएम’ असा संसार होता. ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन. आमचं पंचवीस हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. डेडस्टॉक रजिस्टरात ते एक नादुरुस्त कूलर आणि बिनहाताची खुर्ची यांच्या मधे नोंदलेलं होतं, आणि वर्षातले बरेचसे दिवस त्याची वागणूकही त्या दोघांसारखीच असे. १ जूनला पूर नियंत्रण कक्ष सुरू व्हायचा. त्याआधी तलावावर रंगीत तालीम. त्या तालमीला साहेब यायचे आणि साहेब आले की इंजिन बंद पडायचं.

या यंत्राचा जनक ओल एव्हिनरूड. जन्म नॉर्वेचा, कर्तृत्व अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचं. असं सांगतात की सहलीला गेलेले असताना होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम खावंसं वाटलं. हा गडी तलाव वल्हवत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेतलं आणि परत येईतो त्याचं पाणी झालं. १९०९ मध्ये त्याची मोटर बाजारात आली. आमच्याकडे असा प्रसंग आला असता तर नवऱ्या मुलाने ‘आता काय, पिऊन घे’ म्हटलं असतं आणि एका शोधाला जग मुकलं असतं. एव्हिनरूडच्या त्या पहिल्या मोटरची टाकी इंजिनालाच जोडलेली होती. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरायचं, भांडणाला जागाच नव्हती. पुढे इंजिनं थोराड झाली, टाकी वेगळी होऊन बोटीच्या तळाशी आली, आणि दोघांच्या मधे एक रबरी नळी आली. सगळा अनर्थ त्या नळीत आहे.

नळीच्या मध्यावर एक फुगा असतो. डॉक्टर बीपी बघताना जो दाबतो, तसाच. त्यात दोन झडपा, पेट्रोल एकाच दिशेने जावं म्हणून. वर बाण कोरलेला, तो इंजिनाकडे हवा. सुरू करण्याआधी फुगा दाबत राहायचं. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत भरलं की तो दगडासारखा कडक होतो. मग दोरी ओढायची. पुढचं काम इंजिनावरचा छोटा पंप करतो. त्यात एक पातळ पडदा असतो आणि क्रँककेसमधल्या दाबाच्या हेलकाव्यांनी तो थरथरत पेट्रोल ओढत राहतो. एवढंच शास्त्र. पण आमच्याकडे फुग्याला हात लावण्याआधी प्लग काढण्याची प्रथा आहे.

आता या इंजिनावर निघालेल्या एका आदेशाचा इतिहास सांगणं भाग आहे. एका तालमीला इंजिन सुरूच होईना. शिपायाने दोरी ओढली, कोतवालाने ओढली, पोलीस पाटलांनी सदरा काढून ओढली. शेवटी फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. पाऊस लागला की यांच्या टपरीपुढे कपाशीवाल्यांच्या पंपांची रांग लागते. तेही टू-स्ट्रोक, त्यातही टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल, तेही वर्षभर गोठ्यात पडलेले. जिल्ह्यातला खरा आउटबोर्ड तज्ज्ञ हाच; फक्त त्याच्या इंजिनाखाली पाणी नसतं, ते शेतकऱ्याच्या पाठीवर असतं.

चाचांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. टाकीतलं पेट्रोल एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ओतलं आणि बाटली उन्हात धरली. काही वेळाने खाली एक गढूळ थर बसला, वर निळसर पेट्रोल.

“पाहून घ्या, साहेब. खाली पाणी हाय.”

पाणी एकटं नव्हतं. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस लावणाऱ्याला त्याचं कौतुक, पण इथेनॉल ओल शोषून घेतं आणि फार झाली की पाण्याला बरोबर घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. नळीचं तोंडही तळाशीच. म्हणजे इंजिन नेमकं तेच पीत होतं, आणि ऑइल बिचारं वर पेट्रोलसोबत राहिलेलं. गोदामाचे टिनपत्रे गळके, आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू वर्षभर उघडाच. चाचांनी टाकी धुतली, कार्बोरेटरची वाटी उघडली, जेटच्या भोकातून हवा फुंकली, ताजं पेट्रोल भरलं. इंजिन चालू. मी अहवाल लिहिला.

अहवाल वर गेला आणि वरून पत्र आलं: टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू कायमस्वरूपी घट्ट बंद ठेवण्यात यावा, कसूर झाल्यास संबंधितांवर जबाबदारी निश्चित करण्यात येईल.

पुढच्या मे महिन्यात तालीम. बोट पाण्यात, साहेब काठावर, फोटोग्राफर सज्ज. पहिल्या ओढीला इंजिन धडधडलं. टाळ्या पडल्या. काठापासून जेमतेम दोन बोटींच्या अंतरावर गेलं आणि घुसमटून बंद. पुन्हा ओढलं, पुन्हा क्षणभर, पुन्हा बंद. सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. “चोक ओढा!” “ओव्हर झालं ते, पाच मिनिटं थांबा!” “प्लगले घासा बाप्पा!” एका सदस्यांनी मोटर चायनाची असल्याचं जाहीर केलं, ती नसताना.

चाचा आले ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि हात घातला तो थेट फुग्यावर. फुगा चपटा झाला होता आणि चपटाच राहिला, फुगेचना.

“मशीन बिमार नाही साहेब, उपाशी हाय. टाकीत हवा जाऊन नाई राह्यली, त पेट्रोल बाहेर येईन कसं?”

त्यांनी स्क्रूकडे हात नेला आणि आमचे शिपाई ओरडले, “चाचा, हात नका लावू! पत्र हाय त्याच्यावर!”

हे शिपायांनी थट्टेने म्हटलं नव्हतं. जबाबदारी निश्चित होणार होती, आणि ती खालून वर निश्चित होत जाते हे त्यांना नोकरीभर माहीत होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब फोनवर बोलू लागले. समोरून कोणी बोलत असल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. शेवटी चाचांनीच स्क्रू फिरवला. फस्स करून हवा आत गेली आणि तो चपटा फुगा आमच्या डोळ्यांदेखत गोल झाला.

इंजिन चाललं, पण वेग वाढवला की खोकायचं. चाचा बोटीत बसून फुगा हाताने दाबत राहिले, तोवर नीट पळायचं; सोडला की पुन्हा खोकला. हे लक्षण सोपं आहे: इंजिनाचा पंप पुरतं ओढत नाही, नाहीतर नळी कुठेतरी हवा पिते. पंपाचा पडदा बदलायचा म्हणजे नागपूर. म्हणून त्यांनी आधी नळीचा इंजिनाकडचा जोड काढला. आतली ओ-रिंग कडक होऊन तडकलेली, नखाएवढी. त्यांनी खिशातल्या डबीतून फवारणी पंपाची, पेट्रोल सोसणारी एक काढून बसवली. साध्या रबराची लावली तर पेट्रोलमध्ये फुगून बसते, हेही त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, फोन कानालाच होता. बोट मग तलावाच्या पार टोकाला जाऊन आली.

चाचांचं बिल ऐंशी रुपयांचं. त्यावर शेरा आला, तीन दरपत्रकं का घेतली नाहीत. मी उत्तर दिलं, त्यावर दुसरा शेरा आला, ओ-रिंग हे आस्थापनेच्या कोणत्या कामासाठी. तिसऱ्या शेऱ्याच्या आधी मी ऐंशी रुपये खिशातून दिले आणि फाइल बंद केली. चाचा घेत नव्हते. “राहू द्या साहेब, सरकारी काम हाय,” म्हणाले. पाऊस पडला की पंपवाल्यांकडून ते याच्या दुप्पट घेतात आणि त्यात गैर काही नाही.

पत्राचा प्रश्न मात्र लोंबकळत होता. मी सविस्तर टिपणी पाठवली: ठेवताना स्क्रू बंद, चालवताना उघडा. दोन महिन्यांनी सुधारित आदेश आला. सदर स्क्रू आवश्यकतेनुसार उघडा अथवा बंद ठेवण्यात यावा, व याबाबत दर्शनी भागी सूचना लावण्यात यावी. शिपायांनी त्याची प्रत लॅमिनेट करून आणली, गोंद लावला आणि टाकीवर सगळ्यात दर्शनी जी जागा होती तिथे, म्हणजे नेमकी स्क्रूवर, चिकटवून टाकली.