विंचवाचा घास

हिंदीतला घास म्हणजे गवत, मराठीतला घास म्हणजे तोंडात जातो तो. एवढं मी शाळेत शिकलो होतो. पण एकच झाड हे दोन्ही घास असू शकतं, हे कळायला मला गढवालात, उखीमठजवळच्या डोंगरात जावं लागलं आणि पायवाट सोडून एका झुडपाआड बसावं लागलं. कशासाठी, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

उठलो तो बोंब मारतच. आधी वाटलं, विंचू. मग वाटलं, सहकुटुंब सहपरिवार विंचू. वाटाड्या पोरगा लांबूनच ओरडला, "बिच्छू घास!" आणि पोट धरून हसायला लागला. शाळेत मास्तर हिचाच धाक घालायचे, असंही त्यानं वर ऐकवलं.

आपल्या सह्याद्रीत खाजकुयली असते, पण तिची लव शेंगेवर. शेंग चुकवली की सुटलो. ही बया मात्र पानापानावर, देठादेठावर सुया घेऊन उभी. प्रत्येक सुई म्हणजे काचेसारखं ठिसूळ टोक असलेली पोकळ नळी. धक्का लागला की टोक मोडतं आणि हिस्टामिन, असिटिलकोलिन अशा रसायनांचं इंजेक्शन कातडीत जातं. मला तर ते दवाखान्यात देतात, नेमकं त्याच जागी मिळालं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी मी उभ्यानंच चहा पीत होतो. घरच्या दीदी अंगणाच्या कडेला चिमट्यानं तेच झुडूप खुडताना दिसल्या. कोवळे शेंडे तेवढे. "कंडाळी है, भाईसाहब. रात को साग बनेगा." कुमाऊँत हिलाच सिसूण म्हणतात म्हणे. मला नावाशी कर्तव्य नव्हतं. सूड घ्यायला मिळतोय, तोही जेवणात, एवढं पुरे होतं.

उकळत्या पाण्यात पडली आणि काही मिनिटांत तिचा सगळा ताठा उतरला. मग ती घोटून, तांदळाच्या पिठाचा हात लावून, वरून जख्याची फोडणी. हा जख्या म्हणजे आपल्या बांधावरची पिवळी तिळवण, जिला आपण तण म्हणून उपटून फेकतो. सोबत मंडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीच. पहिला घास मी दातओठ खात घेतला, दुसरा नुसताच खाल्ला, तिसऱ्या वाढीला भांडण कशावरून होतं तेच आठवेना.

दीदी गुण सांगत होत्या: रक्त वाढतं, थंडीत अंगात ऊब राहते. पानांत लोह आणि कॅल्शियम आहे, हे खरंच. तिबेटचा योगी मिलारेपा गुहेत वर्षानुवर्षं हीच उकडून खात राहिला आणि अखेर अंगानं हिरवा पडला, अशी दंतकथा आहे. मी ताट बाजूला सारण्याआधी हळूच हाताचा रंग बघून घेतला.

चुलीशी बसलेल्या आजींचा सल्ला वेगळाच: सांधे दुखतात तिथं कच्चीच मारायची! मी हसलो, पण 2000 साली इंग्लंडमधल्या प्लिमथला डॉक्टरांनी हेच करून पाहिलंय. अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्या 27 जणांना आठवडाभर हे पान लावायला दिलं आणि आणखी एक आठवडा तसंच दिसणारं, न डसणारं पान. डसणाऱ्या पानाच्या आठवड्यात दुखणं कमी झालं. आपल्याला लुटुपुटुचं पान मिळालंय, हे ओळखायला बिचाऱ्यांना कितीसा वेळ लागला असेल! या हिशेबानं माझं बूड तरी जन्मभर दुखायला नको.

परतताना ऋषिकेशला हिच्या वाळक्या पानांच्या चहाचं पाकीट घेतलं. पुण्यात आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हे घेऊ नये, असं बजावून त्यांनी मला अधूनमधून एका कपाची परवानगी दिली.

घरी पहिला चहा झाला. बायकोनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "अहो, ह्याला तर काहीच दम नाही! एवढे घाबरलात कसले तुम्ही?"

मी काही बोललो नाही. समोरची खुर्ची नीट पाहून घेतली, हातानं एकदा झटकली आणि जपून बसलो.